यादी आत, आम्ही बाहेर

माझ्या लग्नाच्या बरोबर बारा दिवस आधी एका यंत्राने मला ओळखायला साफ नकार दिला.

नवरदेवाने दिला असता तर निदान बैठक बसवता आली असती. चार वडीलधारे मध्ये पडले असते, चहा झाला असता, कोणीतरी कोणाच्या तरी पाया पडलं असतं. यंत्राकडे मध्यस्थ म्हणून कोणाला पाठवणार?

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटची. नागपुरात बर्डीवर, एका सायकलच्या दुकानाच्या वरती, सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. (सरांचं नाव सांगत नाही. त्यांनी नंतर बरीच प्रगती केली आहे.) मी तिथे सहा महिन्यांचा कोर्स केला आणि सातव्या महिन्यापासून तिथेच शिकवायला लागले. यावरून कोर्सची खोली लक्षात यावी! एक मोठं यंत्र काचेच्या खोलीत बसलेलं असे आणि त्याला वायरींनी बांधलेले चार पडदे बाहेरच्या हॉलमध्ये. आम्ही बाहेर जे लिहू ते सगळं आतल्या यंत्राच्या पोटात जाई. यंत्राला उकाडा सोसत नसे म्हणून एसी, आणि धूळ सोसत नसे म्हणून आमच्या चपला जिन्यात. मे महिन्यात नागपुरात एवढा मान दोघांनाच मिळे. एक जावई, दुसरा कॉम्प्युटर.

त्याआधी मी तीन वर्षं एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट होते. साहेब पान चघळत बोलत आणि माझी बोटं टाइप करत. मध्ये माझा काही संबंध नसे. ते बोलत असताना मी दुपारच्या भाजीचा विचार करत असे आणि तरी कागद अचूक निघत असे. या कौशल्याचा मला फार अभिमान होता.

लग्न ठरलं ते नरखेडकडच्या दिवाकररावांशी. तिकडे त्यांचं कापडाचं दुकान होतं, हौसेने घेतलेली संत्र्याची बाग होती आणि एक मोटरसायकल होती, जिचा आवाज माणसाच्या आधी पोचत असे. आमचं घर गोळीबार चौकाजवळ, विणकरांच्या वस्तीत. बाबांनी तरुणपणीच माग सोडून मिलच्या गेटवर टाइमकीपरची नोकरी धरली आणि तीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला नंबर विचारला. त्यांची थोरली बहीण, माझी वच्छीआत्या, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिने मात्र माग सोडला नव्हता. नवरा गेला, दीर वेगळे झाले, लुगड्यांची मागणी गेली, तरी तिच्या पुढच्या खोलीत धोटा इकडून तिकडे धावतच होता. आत्या कोणालाच भीत नसे. एकदा तिने एका सांडाला गल्लीतून परत पाठवलं होतं, नुसतं बोलून!

तर पत्रिकांचा प्रश्न आला. आमच्याकडे हा प्रश्न नाजूक. सहा वर्षांपूर्वी चुलतबहिणीच्या लग्नात उमरेडच्या नत्थूकाकांना पत्रिका जायची राहिली. हे बाबांचे सख्खे चुलतभाऊ. तेव्हापासून ते नागपूरला आले की आमच्या गल्लीतून तोंड फिरवून जात. आणि त्यांचा रस्ता आमच्या गल्लीतून नव्हता. मुद्दाम येऊन तोंड फिरवत!

"या वेळेस असं होणार नाही," मी घरात जाहीर केलं. "सगळी यादी मी कॉम्प्युटरवर करते. गाववार. पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापूनच निघतील."

आई म्हणाली, "माह्या वहीत सारं आहे ना, बाई. काहून ताप करून घेते?"

आईची ती वही! तिच्यात पत्ते होते, वड्यांचं प्रमाण होतं, कोणाच्या बाळंतपणाला काय दिलं ते होतं, आणि सगळं एकाच शाईत. मी आठ दिवस ती वही मांडीवर घेऊन यादी टाइप केली. शेवटचं गाव संपलं त्या दिवशी घरी आले, वही जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर टाकली आणि रद्दीवाल्याला हाक मारली.

"अवं, वही काहून देऊन राहिली?" आई धावत आली.

"आई, कागदाचं युग संपलं," मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या माहेरी पुढे म्हणीसारखं झालं. भाजी करपली की अजूनही कोणीतरी म्हणतं, "गॅसचं युग संपलं."

दोन दिवसांनी घरचे यादी बघायला क्लासमध्ये आले. आई, बाबा आणि वच्छीआत्या. आत्याला खात्री करायची होती की भिवापूरची तिची नणंद यादीत आहे. बाबांना यंत्र बघायचं होतं. आईला काही बघायचं नव्हतं. ती एसीखाली खुर्ची ओढून बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "लग्नाचा हॉल रद्द करा. इथंच लावू."

मी ऐटीत पडद्यासमोर बसले. एरवी नाव टाइप करून बटण दाबलं की यंत्र मुकाट्याने उघडत असे. त्या दिवशी मी नाव टाकलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. तुम्हाला पासवर्ड नाही. एक निवडा.

"काय म्हणते?" आत्याने विचारलं.

"पासवर्ड मागतंय. परवलीचा शब्द."

"काहून? तू तं सांगत होती का नाव टाकलं का उघडते म्हणून."

"कालपर्यंत उघडत होतं."

"मंग आज काय झालं त्याले? तू तीच, यादी तीच, मशीन तेच. एका रात्रीतून वळख विसरलं?"

"बाई, तो त्याची ड्यूटी करून राहिला," बाबा मध्ये पडले. थोरल्या बहिणीला ते 'बाई' म्हणत. त्यांचा चेहरा उजळला होता. "गेट म्हटलं का नंबर आलाच. मी मिलमधी म्यानेजरले बी नंबर विचारे!"

"म्हणूनच तुले कोनी लग्नाले नाही बोलवत," आत्या म्हणाली.

यंत्राच्या अटी होत्या. शब्दात निदान सहा अक्षरं हवीत आणि एखादा आकडाही हवा. मी मोठ्याने वाचलं आणि चूक केली, कारण लगेच तिघांनीही सुचवायला सुरुवात केली. आई डोळे मिटूनच म्हणाली, कुलदेवीचं नाव टाक. बाबा म्हणाले, माझा टोकन नंबर टाक, तीस वर्षं त्या नंबरने दगा दिला नाही. आत्या म्हणाली, "काही टाकू नको! आपलीच यादी, आपलेच सोयरे, अन् हा कोन विचारनारा? आधी भिवापूर दाखव म्हना, मंग नाव सांगतो."

मी मनात एक शब्द ठरवला होता. तो कोणता हे महत्त्वाचं नाही, कारण तो मी टाकलाच नाही. मी टाइप करायला लागले आणि आत्या पडद्याला नाक लावून उभी राहिली.

"दिसून नाही राहिलं काही!"

"ते दाखवत नाही, आत्या. गुप्त असतं."

"तुले बी नाही दाखवत?"

"मलाही नाही."

"मंग तुले कसं समजते, तू काय लिहून राहिली ते?"

"समजतं!" मी म्हटलं.

(ज्या आवाजात मी हे 'समजतं' म्हटलं, तो आवाज मी पुन्हा कधी काढलेला नाही.)

यंत्राने तोच शब्द पुन्हा मागितला, आत्या कानाशी बडबडतच होती, मी पुन्हा टाकला, आणि ते खूश होऊन उघडलं. वरती एक ओळ आली की तुमच्यासाठी टपाल आहे. बाबा म्हणाले, "टपाल? कोनाचं?" पण आत्याला भिवापूरची घाई होती, म्हणून मी टपाल तसंच ठेवून यादी उघडली. भिवापूर निघालं, त्यात नणंदेचं नाव निघालं, आत्याने शाबासकी म्हणून पडद्यावर थाप मारली आणि तिला एक बारीकसा झटका बसला. "मारते बी!" ती म्हणाली. पण एकंदरीत सगळे समाधानाने घरी गेले. आईला उठवावं लागलं.

मग तो दिवस उजाडला, बारा दिवस आधीचा. पत्रिका छापून आल्या होत्या, प्रत्येकीला हळदीकुंकू लावून झालं होतं. मी चिठ्ठ्या छापायला क्लासमध्ये गेले. नाव टाकलं. पासवर्ड टाकला, जो मी मनात ठरवला होता तो.

लॉगिन इनकरेक्ट.

पुन्हा टाकला. इनकरेक्ट. सावकाश, एकेक बोटाने टाकला. इनकरेक्ट. पाचव्यांदा चुकल्यावर पडदा रुसून कोराच झाला आणि अर्ध्या मिनिटाने जणू मला आयुष्यात कधी पाहिलंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा विचारू लागला, लॉगिन?

मी सरांकडे गेले. सर काचेच्या खोलीत यंत्राकडे पाठ करून उभे होते.

"सर, मला आत घेत नाहीये."

"पॉलिसी आहे मॅडम. कोनीतरी पोट्टे दुसऱ्याचं काम पुसून टाकत होते, म्हणून मी रूल बदलला. पासवर्ड टाका."

"तोच चुकतोय. तुम्ही आतून नवा देऊ शकता ना?"

"मी मेलमधी लिहिलं होतं सगळ्याइले. पासवर्ड केला का त्याच दिवशी माह्याजवळ नोंदवून ठेवा म्हणून. तुम्ही मेल वाचला नाही काय?"

"सर, मेल वाचायला आत जावं लागतं!"

"त्यासाठी पासवर्ड लागते, मॅडम," सर गंभीरपणे म्हणाले.

हे संभाषण तीन दिवस चाललं. मी विचारायची, सर पॉलिसी सांगायचे. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसून रडायला लागले, तेव्हा सर दार लावून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, कोनाले सांगू नका. मी बी माहा पासवर्ड विसरलो. मेन वाला."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बी बाहेरच आहो. कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून येईन. पंधरा दिवसांनी."

लग्न नऊ दिवसांवर होतं.

आता आठवण आली वहीची. वही रद्दीत गेली होती आणि रद्दी कोपऱ्यावरच्या फुटाणेवाल्याकडे. त्याने वर्तमानपत्रांच्या आधी वहीच फाडायला घेतली होती, पान जाड होतं म्हणून! आईने पदर खोचला आणि पुडीपुडीने आमचे सोयरे परत आणायला निघाली. गठ्ठा देत नव्हता हो तो. म्हणे पुड्या बांधून झाल्या आहेत, घ्या फुटाण्यांसकट. दोन दिवस आमच्या घरी सकाळी फुटाणे, दुपारी फुटाणे. शेजारच्यांना वाटलं आम्ही लग्नाच्या खर्चामुळे जेवण सोडलं. एवढ्या फुटाण्यांतून हाती काय लागलं? वड्यांचं प्रमाण, कोणाच्या तरी बारशाचं झबलं, आणि एक अर्धं पान. त्यावर लिहिलं होतं, 'भिवापूर, पोस्टाच्या मागे, निळं दार'. नाव पुडीच्या दुमडीत फाटून गेलं होतं.

"आता तरी कबूल कर, चूक झाली," आई म्हणाली.

मी कबूल केलं नाही. मी कॉम्प्युटर शिकलेली मुलगी होते. चूक माझी असणं शक्यच नव्हतं.

तेव्हा बाबांनी तोंड उघडलं. गेटवरची तीस वर्षांची नजर ती! ते म्हणाले, "नलू, मी तुह्या बोटाइकडे पाहून राहिलो होतो. बाई बोलली का तुही बोटं चालत. बाई थांबली का थांबत."

वकीलसाहेब! बोटांनी जन्मात एकच गोष्ट शिकली होती, कानाला ऐकू येईल ते टाइप करायचं. आणि त्या वेळी कानाजवळ आत्या बोलत होती! दोन्ही वेळा एकच शब्द जुळला, कारण आत्या दोन्ही वेळा एकच काहीतरी म्हणाली होती.

"आत्या, तू तेव्हा काय म्हणाली होतीस?"

"मी? मी तं काहीच नाही म्हटलं," आत्या म्हणाली. (आत्या काहीच बोलली नाही असा दिवस तिच्या आईनेही पाहिला नव्हता.)

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे पुन्हा क्लासमध्ये. ठरलं असं की सगळ्यांनी त्या दिवशीच्याच जागी उभं राहायचं आणि त्या दिवशीचंच बोलायचं. बाबांनी सूत्रं हाती घेतली. आईला एसीखाली बसवलं. तिने तिचं काम अगदी हुबेहूब केलं, म्हणजे झोपली. मी पडद्यासमोर. आत्या पडद्याला नाक लावून.

"बोल बाई. जसं बोलली होती तसंच."

आत्याने घसा खाकरला. "हे पाहा, आमची यादी कृपया आम्हाले द्यावी."

"असं नाही बोलली तू!" बाबा ओरडले. "तू भांडत होती."

"लोकाइसमोर मी काहून भांडू? माह्या घरची रीत आहे काही?"

"तू म्हणत होती, आधी भिवापूर दाखव!"

मी चटकन भिवापूर टाकलं, मागे माझा ठरवलेला आकडा लावून. इनकरेक्ट. 'व'ला व्ही धरला होता, आता डब्ल्यू धरला. इनकरेक्ट. आत्याचं नाव, नणंदेचं नाव, नणंदेच्या नवऱ्याचं नाव. आत्या मध्येच आठवून आठवून नवी वाक्यं देत होती आणि ती त्या दिवशीच्यापेक्षा फारच चांगली होती. पाचव्या चुकीला पडदा कोरा झाला. आत्याचा संयम सुटला. तिने पदर कमरेला गुंडाळला.

"तुह्या मायले काय तोंड दाखवशीन रे मेल्या? पोरीचं लगन आहे, अन् तू कोन तू कोन करून राहिला? मी वच्छी! बावन्न वर्षं मागावर बसून राहिली! धोट्याने मले कधी नाही इचारलं, तू कोन म्हणून! उघड!"

"बाई, हे बोलली होती तू?" बाबांनी आशेने विचारलं.

"आत्ता बोलून राहिली!"

नेमका त्याच वेळी जिन्याखाली मोटरसायकलचा आवाज विरला आणि दारात दिवाकरराव उभे राहिले. डोक्याला दुपट्टा, चेहरा उन्हाने लाल, हातात चपला. नरखेडला त्यांच्या आईच्या कानावर गेलं होतं की नागपूरच्या पाहुण्यांपैकी एकालाही अजून पत्रिका मिळालेली नाही. मुलीकडच्यांचं मन फिरलं की काय, हे बघायला त्यांना पाठवलं होतं. त्यांनी बघितलं ते असं: होणारी बायको रडत टाइप करते आहे, सासू झोपलेली आहे, सासरे हात उंचावून दिग्दर्शन करताहेत आणि आत्या एका पडद्याला आई-बहिणीवरून बोलते आहे.

"मी खाली थांबू काय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच पूर्ण, वहीच्या रद्दीसकट. म्हटलं, आता मोडा लग्न, माझं काही म्हणणं नाही. ते एवढे हसले की सर काचेच्या खोलीतून बाहेर आले.

"मंग पत्रिका कशा जातीन?" हसू आवरून त्यांनी विचारलं.

"पाय आहेत ना मले!" आत्या म्हणाली. "याच्या पाया पडून लगन लागनार नाही. आन वं त्या पत्रिका इकडे. मी जातो भिवापूरले, एसटीने."

"एसटीने काहून, आत्याबाई? माही गाडी आहे ना."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीने जे पाहिलं ते तिथे अजून सांगतात. नऊवारी घट्ट आवळून, पत्रिकांची थैली मांडीवर घेऊन, वच्छीआत्या एका बाजूने पाय सोडून माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसली. तिने त्याच्या खांद्याला धरलं नाही. "माह्याने होते," म्हणाली. चौक ओलांडायच्या आत खांदा काय, गळाच धरला होता!

भिवापूरला नणंदेचं घर आत्याला पाठच होतं, पण पुडीवरच्या पत्त्यावर, पोस्टाच्या मागे, निळी दारं दोन निघाली. आत्याने दोन्हीकडे पत्रिका दिली. त्यातलं एक घर आमचं कोणीच लागत नव्हतं. पण नवरदेव स्वतः मुलीकडचं बोलावणं घेऊन आला, ही गोष्ट त्या गावात कोणी ऐकलीही नव्हती. ते घरसुद्धा लग्नाला आलं, दोन पोती मिरची घेऊन!

मी आणि बाबा एसटीने उमरेडला गेलो. उमरेडला आमचे बरेच सोयरे, पण घरं माहीत असलेला माणूस एकच, नत्थूकाका. दारात पोचलो तर काका ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन?"

"मी आहो," बाबा म्हणाले.

"मी म्हणजे कोन?"

"तुले नाही माहीत मी कोन? एका ताटात जेवलो आपण!"

"सहा वर्षं झाले. नाही वळखत मी."

बाबा ताठ झाले. मला वाटलं आता परतीची एसटी. कोणाला नंबर सांगायची त्यांना सवयच नव्हती. ते बराच वेळ उन्हात उभे राहिले. मग चप्पल काढली आणि म्हणाले, "नत्थू, तेव्हा माहं चुकलं गा."

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. आत ओरडले, "अवं, पानी आन! दादा आला!" आणि डोळे पुसत मला म्हणाले, "तू काहून उन्हात उभी आहे, बाई? तुले कोनी अडवलं?"

त्या दुपारी काका आमच्यासोबत अख्ख्या उमरेडभर फिरले. एकेक घर दाखवलं. मला एकच गोष्ट बोचत होती, आणि ती मी बाबांना सांगितली नाही. नत्थूकाकांचं नाव माझ्या यादीतही नव्हतं. आईच्या वहीत त्यांचं पान कधीच फाडलं होतं, आणि मी इमानदारीने वहीबरहुकूम टाइप केलं होतं. यादी उघडली असती तर काका आणखी सहा वर्षं आमच्या गल्लीतून तोंड फिरवून गेले असते.

लग्नाला माणसं किती आली ते सांगत नाही; आचारी अजून सांगतो. ज्याला बोलावलं तो आला, ज्याने ऐकलं तोही आला, आणि आत्याला मोटरसायकलवर पाहिलेलं अख्खं भिवापूर आलं. पंगती उठता उठेनात. (पंधरा दिवसांत येणारा मुंबईचा इंजिनिअर महिन्याभराने आला, त्याने कुलूप उघडलं आणि सरांनी माझी यादी छापून मला पाठवली. मी ती उत्सुकतेने वाचली. तिच्यात वच्छीआत्याचंच नाव नव्हतं! ती यादी मी आत्याला दाखवलेली नाही. तुम्हीही सांगू नका. आणि तो शब्द? इंजिनिअर म्हणाला, तो यंत्रालाही वाचता येत नाही. म्हणजे आत्याच्या तोंडून असं काय निघालं होतं, हे आता फक्त देवाला माहीत.)

वरात नरखेडकडे पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाठराखीण म्हणून आत्या सोबत. दारात माप ठेवलेलं. मी पाय उचलणार तोच नणंदबाई दार अडवून उभ्या राहिल्या. मागे साऱ्या गावच्या बायका.

"थांबा वयनी. आधी नाव घ्या. नाव घेतल्याबिगर आत नाही सोडनार."

बारा दिवस! बारा दिवस मी नाव टाकत होते, आणि बारा दिवस मला कोणी आत घेत नव्हतं. माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

"नाही घेत!" मी म्हटलं.

नणंदबाईंना वाटलं लाजते आहे. "घ्या ना वं, रीत आहे."

"रीत असो नाही तर पॉलिसी असो! लग्न लागलं, साऱ्या जिल्ह्याने पाहिलं. आता मी कोण हे कोणाला सांगणार नाही. इथेच बसते!"

आणि मी शालूसकट उंबऱ्याबाहेर बसले. आत्याही माझ्या शेजारी फतकल मारून बसली. "बरोबर आहे पोरीचं!" तिने जाहीर केलं. "आम्ही नाही सांगत!" सासूबाई आल्या, मामंजी आले, दिवाकरराव येऊन हसू दाबत परत गेले. मी हलले नाही. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. मग आतून वांग्याच्या भाजीचा आणि गरम पुऱ्यांचा वास यायला लागला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी आत्याकडे पाहिलं. आत्या आत जाऊन बसली होती! जेवायला!

मी उठले. बाणा बाजूला ठेवला, पदर सारखा केला आणि आठवडाभर पाठ केलेला उखाणा, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, एका दमात म्हटला:

"संत्र्याच्या बागेत पाखरांचा गजर,
प्रभाकररावांनी टाकली माझ्यावर नजर!"

कोणी टाळी वाजवली नाही. आत कोणाच्या तरी हातून पुऱ्यांचं ताट पडलं.

प्रभाकर हे माझ्या धाकट्या दिराचं नाव आहे. ताट त्यांच्याच हातात होतं.